एक डाउनहिल सायकल, दोन स्वार : कोल्हापुरातल्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

डोंगरउतारावरून वेगानं उतरायची ही डाउनहिल सायकल काल रात्री पुण्याहून टेम्पोनं आली. आज दिवसभर फक्त पाहणी केली, पाना हातात घेतला नाही.

फ्रेम ॲल्युमिनियमची. ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर सरकायला मिळणारं अंतर, पुढं-मागं २०० मिमी. पुढं बॉक्सर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन नळ्यांचा चिमटा, ३५ मिमी जाडीच्या नळ्यांचा, आत हवेची स्प्रिंग. दुहेरी क्राउनचा, म्हणजे नळ्यांना वर दोन आडव्या पट्ट्या धरतात. मागं कॉइल शॉक, म्हणजे वेटोळ्या स्प्रिंगचा धक्के झेलणारा दांडा: एका टोकाच्या डोळ्यापासून (बोल्टच्या भोकापासून) दुसऱ्या डोळ्यापर्यंत २४१ मिमी, स्ट्रोक, म्हणजे दबायचं अंतर, ७६. चाकं साडेसत्तावीस इंची. ब्रेक शिमानो सेंट, चार पिस्टनचे, डिस्क २०३ मिमीच्या. मागं दहा गिअर, पुढं ३६ दात्यांची एकच चकती आणि चेन उतरू नये म्हणून तिला चेन गाइड.

हाताला काय लागलं ते लिहून ठेवतो. मागचं चाक धरून आडवं हलवलं तर मधल्या सांध्यात खेळ आहे. सीट धरून सायकल किंचित उचलली की शॉकच्या खालच्या डोळ्यात 'टक्' असा आवाज येतो. हेडसेट, म्हणजे हँडल जिथं फिरतं तिथली बेअरिंग, ठीक. फोर्कच्या नळ्यांवरून नख फिरवलं, कुठंही अडकलं नाही. ही सगळ्यात मोठी दिलाशाची गोष्ट. नळीवरचा थर एकदा खरवडला गेला की सील किती बदलली तरी तेल गळत राहतं.

ही सायकल दोघांसाठी आहे. मी ७४ किलोचा, भाची ५२ किलोची. हेल्मेट, गुडघ्या-कोपरांची पॅड, बूट, पाणी धरून ८० आणि ५८. उतारावरच्या सायकलीत हा २२ किलोचा फरक फार मोठा असतो. पुस्तिकेतले आकडे तिसऱ्याच कुणासाठी, तिकडच्या मातीसाठी लिहिलेले असतात. आपल्या लाल मातीवर, आपल्या उन्हात, या दोन वजनांसाठी ही सायकल जुळवायची, एवढंच या वहीचं काम.

९ फेब्रुवारी, रविवार

शॉकची स्प्रिंग काढली आणि शॉक रिकामाच परत लावला. कुठलीही फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढं-मागं दोन्हीकडं स्प्रिंग असलेली, सायकल हाती आली की ही तपासणी मी आधी करतो आणि दुसऱ्यांनाही करायला लावतो. स्प्रिंग नसल्यामुळं मागचं चाक हातानं पार वरपर्यंत दाबता येतं. त्या टोकाच्या स्थितीत तीन गोष्टी बघायच्या.

टायर फ्रेमला किंवा सीटला घासतोय का? नाही, बोटभर जागा उरते. सीट मात्र आणखी खाली घेता येणार नाही. दांडीवर खूण केली.

चेनची लांबी पुरते का? चाक वर जाताना मागचा एक्सल आणि क्रँक यांच्यातलं अंतर वाढतं, त्यामुळं सायकल उभी असताना बरोबर वाटणारी चेन पूर्ण दबल्यावर ताठ होऊ शकते. तशी ताठ झाली की डिरेल्युअर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, मुळासकट उपटून निघतो. मागच्या सगळ्यात मोठ्या दात्यांवर चेन टाकून चाक दाबलं. डिरेल्युअरच्या पिंजऱ्यात अजून ढील आहे. चालेल.

तिसरं, ब्रेकची नळी आणि गिअरची केबल. नळी सांध्याजवळ ताणली जात होती. क्लिप सोडून दोन बोटं जास्त नळी मागं सोडली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सांध्यांची बेअरिंग काढली. मुख्य सांध्यात ६९०२, वरच्या दुव्यात ६८०२, सगळी दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली. ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८, जाडी ७ मिमी. ६८०२ म्हणजे १५, २४, ५. हे आकडे सायकलवाल्यांनी काढलेले नाहीत, मोटर-पंपाच्या जगातले आहेत. कोल्हापुरातल्या बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगायचा, काउंटरवर पुडकं येतं. परदेशातून 'पिव्हट किट' मागवून महिनाभर वाट बघायचं कारणच नाही.

एक बारकावा मात्र आहे. पंपाचं बेअरिंग गरागरा फिरतं. सायकलच्या सांध्यातलं बेअरिंग कधीच पूर्ण फिरत नाही, थोड्या अंशांत मागं-पुढं होतं आणि त्यावर धक्के बसतात. त्यामुळं तेच चार-दोन छर्रे सगळा मार खातात आणि कडीवर खळगे पडतात. म्हणून मुख्य सांध्याला पिंजरा नसलेली, छर्ऱ्यांनी पूर्ण भरलेली बेअरिंग असतील तर जास्त बरी: छर्रे जास्त, भार जास्त ठिकाणी वाटला जातो. तशी दोन मिळाली, ती मुख्य सांध्याला लावली. बाकी साधी.

नवी असली तरी प्रत्येकाचं सील ब्लेडच्या टोकानं हलकेच उचललं आणि आत पाण्याला दाद न देणारं घट्ट ग्रीस ठासून भरलं. वेगानं फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये इतकं ग्रीस भरलं तर ते तापेल. इथं वेगच नाही, आणि ग्रीसनं व्यापलेल्या जागेत पाणी शिरत नाही. १९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत जी पोरं जुन्या जाडजूड सायकली घेऊन रिपॅकच्या उतारावर शर्यती लावत, त्यांच्या मागच्या हबमधलं ग्रीस ब्रेकच्या उष्णतेनं जळून धूर निघायचा आणि परत ग्रीस भरल्याशिवाय हब कामाचा राहायचा नाही. उतारावरच्या सायकलींची देखभाल तिथून सुरू झाली. आज हब बदलले, ब्रेक बदलले, ग्रीसचं काम आहेच.

बेअरिंग बसवताना हातोडी वापरली नाही. लांब बोल्ट, दोन वॉशर आणि बेअरिंगच्या बाहेरच्या कडीएवढी नळी, बस्स. दाब बाहेरच्या कडीवरच यायला हवा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

'टक्' आवाजाचं मूळ सापडलं. शॉकच्या डोळ्यात पोलादी पाठीचं, आतून टेफ्लॉनचा थर असलेलं पातळ बुश असतं आणि त्यात १२.७ मिमीची पिन फिरते. पिन एका बाजूनं झिजून १२.६ झाली होती. बुश मिळालं, पण त्या रुंदीची पिन कुठंच नाही.

उद्यमनगरात अण्णांच्या लेथवर गेलो. अण्णांचा हात ऑइल इंजिनच्या कामावर बसलेला. पिन त्यांनी बोटांत फिरवून बघितली.

"ह्ये सायकलचं हाय?"

"होय अण्णा. डोंगरावरनं उतरायची सायकल."

"मग ह्ये ॲल्युमिनियम कशाला घातलंय? स्टेनलेसची करून देतो. वजनानं काय हुतंय एवढ्याशा पिनंला."

बरोबर होतं त्यांचं. मूळ पिन हलकी राहावी म्हणून कठीण ॲल्युमिनियमची करतात. आम्हाला दहा-वीस ग्रॅमनं काही फरक पडत नाही. मी एवढंच सांगितलं की बुशमध्ये पिन अंगठ्याच्या जोरानं जायला पाहिजे, ठोकून नको आणि सैल नको, आणि आतून आठ मिमीचा बोल्ट आरपार जायला पाहिजे. अण्णांनी बाहेरचा व्यास दोन शतांश जास्त ठेवून, पॉलिश पेपरनं उतरवत, मध्ये मध्ये बुश घालून बघत नेमका बसवला. बाजूचे दोन स्पेसरही केले आणि त्यांच्या कडा मोडून दिल्या, म्हणजे फ्रेमला चरे पडायला नकोत. हे मी सांगितलं नव्हतं.

ज्या गावात अशी माणसं आहेत तिथं ही सायकल सांभाळणं शक्य आहे, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. शॉकच्या आतलं डँपर, म्हणजे स्प्रिंगचा वेग तेलानं अडवणारा भाग, सोडलं तर बाकी सगळं इथंच होतं.

२ मार्च, रविवार

जोडणी. टॉर्क पाना, म्हणजे आवळायचा जोर मोजणारा पाना, लावूनच सगळं आवळलं. हँडलच्या स्टेमचे बोल्ट ५ न्यूटन-मीटर, डिस्कचे ६. क्राउनचे बोल्ट पुस्तिकेतल्या आकड्यावर, आळीपाळीनं आणि दोन टप्प्यांत. क्राउन जास्त आवळला तर नळी आत दबते आणि फोर्क तिथंच अडखळतो. सांध्यांच्या बोल्टना ते सुटू नयेत म्हणून निळं थ्रेडलॉक.

सगळ्या बोल्टांच्या डोक्यावरून फ्रेमपर्यंत भाचीनं नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. रोज टॉर्क पाना लावण्यापेक्षा हे झटपट होतं.

९ मार्च, रविवार

आज स्प्रिंग. या नोंदीला जागा लागणार.

सायकलसोबत आलेली स्प्रिंग ४५० पौंडाची, म्हणजे एक इंच दाबायला ४५० पौंड जोर लागणारी. सॅग मोजला. सॅग म्हणजे स्वार चढल्यावर, काहीही धक्का नसताना, शॉक किती बसतो ते. डाउनहिलला मागं साधारण ३० टक्के हवा. कमी असेल तर चाक खड्ड्यात उतरतच नाही, वरून उड्या मारत जातं. आपल्याला वाटतं सायकल वेगात आहे, प्रत्यक्षात पकड गेलेली असते.

मोजायची पद्धत: अंगावर सगळा सरंजाम, पेडलवर उभं राहून, कोपर वाकवून, उतरतानाची ठेवण. सीटवर बसून घेतलेला सॅग या सायकलीला उपयोगाचा नाही, कारण बसून कुणी उतरत नाही. दोन-तीनदा हलकं दाबून स्थिर व्हायचं. दुसऱ्यानं व्हर्नियरनं दोन डोळ्यांतलं अंतर घ्यायचं. मोकळा शॉक २४१. मी उभा राहिल्यावर २२१, म्हणजे २० मिमी, २६ टक्के. भाची उभी राहिल्यावर जेमतेम १५ मिमी, २० टक्के. तिच्यासाठी ही सायकल म्हणजे पाटी झाली.

कागदावर हिशोब मांडला. २०० मिमी चाकाचा प्रवास भागिले ७६ मिमी स्ट्रोक, म्हणजे सरासरी २.६३ पट तरफ; सॅगच्या आसपास ती २.८ च्या जवळ आहे. माझे ८० किलो आणि सायकलचा स्प्रिंगवर बसणारा भाग १३ किलो धरला, त्यातले ६२ टक्के मागच्या चाकावर: ५८ किलो, १२७ पौंड. तरफेनं शॉकवर साधारण ३५५ पौंड. ३० टक्के सॅग म्हणजे २३ मिमी, ०.९ इंच. ३५५ भागिले ०.९, उत्तर ३९४. म्हणजे ४०० ची स्प्रिंग. भाचीचा हिशोब तसाच केला, उत्तर ३०१.

दोन्ही आधीच मागवून ठेवल्या होत्या. ४०० वर मी २२.५ मिमी, ३०० वर ती २३ मिमी. हिशोब जुळला याचा आनंद दोघांनाही झाला. तिनं वहीत स्वतःच्या हातानं आकडा लिहिला.

प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किंचित दाबून ठेवणारी, कडी एक ते दोन फेरेच आवळायची. पुष्कळ जण मऊ स्प्रिंगवर कडी पाच-सहा फेरे आवळून सॅग बरोबर आणतात. त्यानं स्प्रिंग कडक होत नाही, फक्त सुरुवातीचा अडसर वाढतो आणि पुढं ती तितकीच मऊ राहते, शिवाय पूर्ण दबताना वेटोळी एकमेकांवर आपटण्याचा धोका. दोन फेऱ्यांत जमत नसेल तर स्प्रिंगच बदलावी. स्प्रिंगवर लिहिलेला स्ट्रोकही बघायचा: ७६ मिमीच्या शॉकला तीन इंची स्प्रिंग लागते, त्याहून आखूड नाही.

पुढचा फोर्क सोपा. हवा भरायची. मला ७० पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) ४० मिमी सॅग, २० टक्के. तिला ५२ ला तेवढाच.

१६ मार्च, रविवार

ट्यूबलेस टायर चढवले. दुहेरी थराचे डाउनहिलचे टायर, एकेक सव्वा किलोच्या वर. रिमच्या कडेत बसवायला पायपंप पुरा पडत नाही. पंक्चरच्या दुकानात गेलो, कडेला साबणाचं पाणी लावलं, कॉम्प्रेसरची हवा मारली, दोन मोठे आवाज झाले आणि टायर बसले. दुकानातल्या पोरानं विचारलं, "ट्यूब न्हाई आत? मग पंक्चर कसं काढायचं?" भोक आतून बुजवणारं सीलंट दाखवलं. आमच्या उन्हात ते लवकर सुकतं, त्यामुळं एप्रिल-मे मध्ये दर महिन्याला व्हॉल्व्हमधून काडी घालून बघायचं असं ठरवलं.

मला पुढं २४, मागं २७ पीएसआय. तिला २१ आणि २४.

२३ मार्च, रविवार

ब्रेक. लिव्हर दाबल्यावर पकडायची जागा दर वेळी वेगळी येत होती, म्हणजे तेलात हवा. सेंटला मिनरल ऑइल लागतं. मोटारसायकलच्या दुकानात मिळणारं डॉटचं ब्रेक ऑइल यात चालत नाही, आतली सील फुगून खराब होतात. गावात कुणी "ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल" म्हणून भरून देत असेल तर हात जोडून नको म्हणावं.

लिव्हर आडवी, त्यावर नरसाळं, खाली कॅलिपरला, म्हणजे डिस्क चिमटणाऱ्या भागाला, सिरिंज. खालून वर तेल ढकललं. मग नळीवर टिचक्या, कॅलिपर उलटसुलट, लिव्हरला हलके झटके. बुडबुडे एकेक करून नरसाळ्यात आले. मागच्या ब्रेकला वेळ लागला, नळी लांब आणि मध्ये वर-खाली वळणं. डिस्कची जाडी १.७ मिमी, नवी १.८ असते, १.५ ला बदलायची. पॅडवरचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. आत्ता भरपूर आहे.

लिव्हरची जागा भाचीच्या हातावर ठरवली. तिची बोटं लहान. एका बोटाचं पेर लिव्हरच्या टोकाच्या बाकात बसलं पाहिजे, म्हणून लिव्हर आत सरकवली आणि अंतर कमी केलं. मला तेवढंच चालतं. उलटं केलं असतं तर तिला दोन बोटं लागली असती आणि हँडलवरची पकड कमी झाली असती.

संध्याकाळी कात्यायनीकडच्या उतारावर पॅड डिस्कवर रुळवून घेतले: वेग घ्यायचा, दाबून मंद करायचा, पण पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा सोडायचा. पंधरा-वीस वेळा एका ब्रेकला, तेवढंच दुसऱ्याला. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा चढतो, तेव्हाच ब्रेक खरा लागतो.

६ एप्रिल, रविवार

पहिल्यांदा डोंगर. सायकल छोट्या हत्तीत घालून जोतिबाच्या डोंगरावर. मागच्या अंगाला गायरानातून खाली जाणारी जनावरांची वाट आहे. गावातल्या लोकांना विचारून घेतली आणि गुरं खाली गेल्यावरच उतरायचं असं ठरलं. पन्हाळगडाच्या तटाखालून उतरायचं आमंत्रण एका मित्रानं दिलं होतं. मी नाही म्हटलं. गड संरक्षित स्मारक आहे, तिथली माती सुटली की दगड सुटतात.

एकच तुकडा निवडला: सुट्या लाल खड्यांचं एक वळण, त्यापुढं दगडांची पायरी, मग सरळ. तोच तुकडा पुन्हा पुन्हा. एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, तो कुठून कुठं फिरवला ते लिहायचं, मगच पुन्हा चढायचं.

रिबाउंडवर सगळा वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. दबलेली स्प्रिंग किती वेगानं परत येते ते रिबाउंड ठरवतं. फार मंद ठेवलं तर लागोपाठ धक्क्यांत शॉक परत वर यायच्या आतच दुसरा धक्का येतो. तो खाली खाली बसत जातो आणि शेवटी ट्रॅव्हलच उरत नाही. फार जलद ठेवलं तर पायरीवरून उतरल्यावर मागचं चाक लाथ मारतं. मी स्क्रू पूर्ण बंद, म्हणजे सगळ्यात मंद, तिथून ४ क्लिक उघडून सुरू केलं, १० पर्यंत गेलो, ६ वर आलो.

मग स्प्रिंग बदलून भाची. स्क्रू होता तिथंच ठेवून तिला एकदा जाऊ दिलं. खाली येऊन म्हणाली, "मामा, मागं काहीच होत नाहीये, सायकल चिखलात चालल्यासारखी वाटतीय." तेच व्हायला हवं होतं. ३०० ची स्प्रिंग परत ढकलायला कमी जोर लावते, तर तिला अडवणारं तेलही कमी हवं. ९ क्लिकवर ती सरळ झाली. स्प्रिंग बदलली की रिबाउंड बदलायचंच, हे आता वहीच्या पहिल्या पानावर आहे.

आणखी एक. सकाळी सातला भरलेले फोर्कचे ७० पीएसआय दुपारी सावलीतही ७४ च्या वर दाखवत होते. हवा बंद नळीत आहे, तापमान १६ अंशांनी चढलं तर दाब तेवढा चढणारच. टायरमध्येही जवळजवळ दोन पीएसआय वाढले. सकाळची नेमकी जुळवणी दुपारी कडक का वाटते, याचं उत्तर यात आहे. यापुढं दाब डोंगरावर, उतरायच्या आधी तपासायचा, घरी नाही.

२० एप्रिल, रविवार

१२ तारखेला चैत्र पौर्णिमेची यात्रा झाली. सासनकाठ्या नाचल्या, अख्खा डोंगर गुलालानं माखला. यात्रेच्या काळात आम्ही अर्थातच सायकल नेली नाही. काल गेलो, तरी वाटेवर, गवतावर, दगडांच्या सांध्यांत गुलाल होताच. घरी आलो तेव्हा फोर्कच्या नळ्यांवर सीलच्या वर गुलाबी कडं.

गुलालाची पूड आमच्या लाल धुळीहूनही बारीक. सीलच्या ओठाखाली जाऊन तेलात कालवली की तिची लुगदी होते. म्हणून आज फोर्कचे खालचे पाय उतरवले. तसंही पन्नास तासांच्या वापरानंतर हे करायचंच असतं.

हवा सोडली, खालचे दोन बोल्ट अर्धे सैल केले, त्यावर प्लास्टिकच्या हातोडीचे दोन ठोके, बोल्ट काढले, पाय खाली ओढले. जुनं तेल वाटीत घेतलं: विटकरी, त्यात गुलाबी झाक. सील काढून बघितली, ओठ शाबूत. खालची फोमची वळी मात्र चिखल पिऊन बसलेली. धुऊन, पिळून, वाळवून ताज्या तेलात भिजवली. पायांच्या आतलं बुश काठीला गुंडाळलेल्या स्वच्छ फडक्यानं पुसत राहिलो, फडकं पांढरं निघेपर्यंत. तेल पुस्तिकेत दिलंय तेवढंच, सिरिंजनं मोजून. अंदाजानं जास्त ओतलं की वरची हवेची जागा घटते आणि फोर्क शेवटच्या टप्प्यात अडतो.

पहिल्याच दाबाला फरक कळला. ढोपराच्या नुसत्या वजनानं फोर्क हलला.

११ मे, रविवार

डिरेल्युअर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर वाकला. दगड लागला, बाकी काही नाही. सरळ करून लावला, पण एकदा वाकलेला ॲल्युमिनियम दुसऱ्यांदा सरळ केला की तुटतो, त्यामुळं दोन नवे करून घ्यायला अण्णांकडं गेलो.

"वाकला व्हय? थांब, पोलादाचा करून देतो. जल्मात वाकायचा न्हाई."

समजावून सांगावं लागलं. हँगर वाकायलाच हवा. तो वाकला नाही तर तो मार डिरेल्युअरला लागेल, आणि त्याहून वाईट म्हणजे फ्रेमच्या टोकाला. हँगर काही शेकड्यात होतो, फ्रेम नाही. अण्णांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "म्हंजी शिअर पिन. आधी सांगायचं की." त्यांनी मऊ प्लेटमधून दोन कापले, आटे पाडून दिले. आटे दहा मिमीचे, एक मिमी पिचचे.

२७ मे, मंगळवार

पाऊस लागला, यंदा मे महिन्यातच. वळीव म्हणावं तर थांबायचं नाव नाही.

पावसातली लाल माती चिकट असते. टायरच्या गुठळ्यांत भरते, फ्रेम आणि चाकामधल्या जागेत साठते. धुण्याचे नियम भाचीनं भिंतीवर लिहून लावले, मी इथं उतरवतो: पाणी बादलीतनं, मगनं आणि ब्रशनं, गाड्या धुणाऱ्यांचा जोराचा फवारा सांध्यांवर, हबवर, क्रँकवर कधीच नाही. साबणाचं फडकं डिस्कला लावायचं नाही. शेवटी सीटची दांडी काढून सायकल उलटी करायची. आज दांडीच्या नळीतून कपभर पाणी निघालं, ते आत राहिलं असतं तर खालच्या बेअरिंगवर उभं राहिलं असतं.

पॅड बदलले. रेझिनचे पॅड ओल्या कचीत बघता बघता झिजतात. पावसाळ्यापुरते धातूचे घातले. आवाज करतात, पण टिकतात.

१३ जुलै, रविवार

सायकल स्टँडवर. ओल्या वाटेवरून आता उतरलं तर चाकानं पडलेली चरी ओढा होते आणि पुढच्या वर्षी वाटच राहत नाही. मसाई पठारावर तर सप्टेंबर उलटेपर्यंत चाक न्यायचंच नाही. तिथं जांभ्यावर बोटभर मातीचा थर आणि त्यात उगवणारी फुलं. टायरची एक रेघ तिथं पुढचे कित्येक मोसम दिसत राहते.

या महिन्यात घरातली कामं: चाकांचा आउट काढला, तारांचा ताण सारखा केला. चेन मोजली, ०.७५ टक्क्याला पोचायला थोडीच कमी. दहा गिअरच्या चेनला तीच मर्यादा, म्हणून नवी आणून ठेवली.

१४ सप्टेंबर, रविवार

सांधे उघडले. फेब्रुवारीत घातलेल्या बेअरिंगपैकी वरच्या दुव्यातलं एक ६८०२ फिरवताना खरखर करतंय. ते उजव्या बाजूचं, चेनच्या वरचं. धुताना सगळं पाणी तिथूनच ओघळतं. बदललं. मुख्य सांध्यातली दोन्ही छर्ऱ्यांनी पूर्ण भरलेली बेअरिंग अगदी पहिल्या दिवसासारखी, सील उचललं तर ग्रीसचा रंगही बदललेला नाही. यापुढं सगळीकडं तीच.

अण्णांची पिन मोजली. १२.७. झिजेचा मागमूस नाही. बुशही घट्ट.

५ ऑक्टोबर, रविवार

दसरा झाल्यावर पहिल्यांदा डोंगर. माती दबलेली, वर धूळ नाही. वर्षातला सगळ्यात चांगला काळ.

आज फोर्कच्या नळ्या क्राउनमध्ये १० मिमी वर सरकवून बघितल्या. पुढची बाजू खाली येते आणि हेड अँगल, म्हणजे फोर्कचा तिरपेपणा, साधारण अर्ध्या अंशानं उभा होतो. त्याआधी हवा सोडून फोर्क पूर्ण दाबला आणि टायर खालच्या क्राउनला लागत नाही ना, याची खात्री केली; ती न करता नळ्या सरकवणं जिवावर बेतू शकतं. माझ्यासाठी वळणं सोपी झाली, पण पायरीवर पुढचं चाक रुतल्यासारखं वाटलं. भाचीला मात्र ते फार आवडलं. पुढच्या चाकावर तिचं वजन मुळातच कमी पडतं, ते आता पडू लागलं. खडीच्या वळणात तिचं पुढचं चाक सरकायचं थांबलं. स्प्रिंग बदलताना नळ्याही बदलणं दर वेळी शक्य नाही. ५ मिमीवर दोघांनी हो म्हटलं.

आजचे आकडे. मी: ४०० ची स्प्रिंग, प्रीलोड दीड फेरा, रिबाउंड ६; फोर्क ७०; टायर २४ आणि २७. भाची: ३००, एक फेरा, रिबाउंड ९, फोर्क ५०, टायर २१ आणि २४. फोर्कचे दोन पीएसआय तिनं स्वतःच कमी केले, विचारल्यावर म्हणाली की पायरीनंतर अजून तीस मिमी ट्रॅव्हल वापरलंच जात नव्हतं. नळीवरची ओ-रिंग, म्हणजे फोर्क कुठवर दबला ते दाखवणारं रबरी कडं, बघून तिनं हे ठरवलं होतं.

मागचा टायर संपत आलाय. पुढचा मागं जाईल, नवा पुढं येईल. शॉकचं डँपर या हिवाळ्यात सर्व्हिसला पाठवायचं. तोवर दोन स्प्रिंगा, जादा हँगर आणि ६९०२ ची एक जोडी पेटीत आहे.